ऋतुजाचा बस्ता

नवी पेठेत गोड बोलणाऱ्यांचा तोटा नाही, पण शंकरप्पांच्या जिभेची सर कुणाला नाही, हे त्यांच्या वाईटावर असलेले दुकानदारही कबूल करायचे. साडीच्या दुकानात कडू बोलून भागत नाही म्हणा. पण इतरांचं गोड बोलणं गिऱ्हाईक पायऱ्या उतरलं की संपायचं, शंकरप्पांचं मनापासून असायचं. आलेल्या बाईला काहीतरी चांगलं ऐकवल्याशिवाय पाठवायचं नाही, हा त्यांचा नेमच होता, सकाळच्या लिंगपूजेसारखा. अंगानं भरलेल्या बाईला ते म्हणत, "साडी शोभावी ती अशाच अंगाला, काटकुळ्यांचं काम नव्हे ते." म्हातारीला म्हणत, "आक्का, या वयात असं चापूनचोपून नेसणारी अख्ख्या सोलापुरात दुसरी दाखवा मला." बायका लाजायच्या, हसायच्या आणि एकाच्या जागी दोन साड्या घेऊन जायच्या. ज्या हसायच्या नाहीत त्या पुन्हा यायच्या नाहीत. आणि जे गिऱ्हाईक पुन्हा येत नाही ते का येत नाही, हे कुठल्या दुकानदाराला कधी कळलंय?

त्यांच्या सगळ्या गोड वाक्यांत त्यांचं सर्वांत लाडकं वाक्य होतं ऋतुजाबद्दलचं.

ऋतुजा करकंबची. बारावी झाल्यावर ती सोलापुरात मावशीकडे राहायला आली आणि शंकरप्पांच्या दुकानात लागली. पोर हुशार होती. गिऱ्हाईक गादीवर टेकायच्या आत त्याला काय हवंय ते तिला कळायचं. उंच, ताठ, निऱ्या घालायला लागली की बघत राहावं अशी. आणि रंगानं काळी. सावळी, गव्हाळ असले आडपडदे कशाला, काळी. दुकानात नवी साडी उलगडली की ती खांद्यावर टाकून दाखवायला शंकरप्पा तिलाच उभी करायचे, आणि मग गादीवरच्या बायकांकडे वळून म्हणायचे, "आमची ऋतुजा म्हणजे कसोटीचा दगड बघा. सराफ सोनं कशावर पारखतो? काळ्या दगडावर. हिच्या अंगावर जो रंग उठून दिसला, तो कुणाच्याही अंगावर उठणारच!"

बायका खळखळून हसायच्या. आधी ऋतुजाकडे बघायच्या, मग स्वतःच्या हाताकडे, आणि साडी घ्यायच्या. वाक्य इतकं चाललं की शेजारचे दोन दुकानदार "आमच्याकडे बी आहे की कसोटी" म्हणायला लागले. शंकरप्पांना त्याचा थोडा रागही आला, कारण वाक्य त्यांचं होतं. ऋतुजाला ते लेकीसारखं मानायचे. घरात पोळ्या झाल्या की तिचा डबा वेगळा यायचा. वाक्यात आपण तिला सोन्याच्या शेजारी नेऊन बसवतो, आणखी काय करायचं माणसानं, असा त्यांचा साधा हिशेब होता.

दिवाळीच्या मालात येवल्याहून एक पैठणी आली. सोनचाफ्याचा रंग, काठ जांभळे, पदरावर मोर. एकच नग. गठ्ठा सोडता सोडता ऋतुजाचा हात तिच्यावर थांबला, तो बराच वेळ हललाच नाही. पाच वर्षांत तिनं दुकानातल्या कुठल्या साडीसाठी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी ती म्हणाली, "अण्णा, ही कुणाला दाखवू नका ना. माझ्या बस्त्याला ठेवाल?"

तेव्हा तिचं लग्न ठरायचंच होतं. शंकरप्पा हसले आणि पैठणी मलमलीत गुंडाळून त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवली. संक्रांत सरली आणि लग्न ठरलं. मुलगा सयाजी, उजनीच्या काठच्या गावातला, घरची केळीची बाग. बस्ता बांधायला कुठं जायचं हा प्रश्नच नव्हता. ऋतुजानं दोन्हीकडच्यांना निक्षून सांगितलं, बस्ता अण्णांच्याच दुकानात.

बस्त्याच्या दिवशी शंकरप्पांनी नवं धोतर नेसलं. गादीवर धुतलेली चादर अंथरली, चहाबरोबर खारी मागवली आणि ऋतुजाला दारातच सांगितलं, "आज कशाला हात लावायचा नाही. आज तू गिऱ्हाईक. बस पाय पसरून."

ती बसली, पण हात कुठं ठेवायचे ते तिला समजेना. एका बाजूला तिची आई बजाबाई, दुसऱ्या बाजूला होणारी सासू आणि नणंद ऊर्मिला. मागे चार-पाच मावश्या, चुलत्या. सासू म्हणजे दांडगी, मोकळ्या तोंडाची बाई. येताना केळीचा अख्खा घड घेऊन आली होती आणि दुकानातल्या सगळ्यांना वाटत होती. दुकानातला जुना नोकर भिमा साड्यांवर साड्या टाकत होता. मानपानाच्या झाल्या, हळदीची झाली. मग शंकरप्पा स्वतः उठले. मलमल सोडून त्यांनी पैठणी गादीवर अशी सोडली की जांभळा काठ चादरभर पसरला. बायका पुढं सरकल्या. ऋतुजानं खाली बघितलं, कारण आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

सासूनं पदर हातात घेतला, उलटून पालटून बघितला. "साडी लई झ्याक हाय," ती म्हणाली. "पर पिवळा... हिला झेपंल का वो? न्हाय, पोर गुनाची हाय आमची, रंगाचं काय घिऊन बसायचं. पर लग्नात फोटु असत्यात. पिवळ्यात आनिकच..." आणि तिनं पुढचं बोलणं चहाबरोबर पिऊन टाकलं.

बजाबाई कसनुसं हसल्या. "व्हय की," एवढंच म्हणाल्या.

आता इथं शंकरप्पांनी गप्प बसायला हवं होतं. किंवा सरळ म्हणायला हवं होतं, की पोरीला ही साडी हवी आहे, तिनं ती तीन महिने आधी निवडून ठेवली आहे, द्या तिला. पण चाळीस वर्षं ज्या जिभेनं माल खपवला ती जीभ वेळेला गप्प बसेल कशी? पोरीची साडी हातची जातेय हे बघून त्यांनी आपलं सर्वांत खात्रीचं हत्यार काढलं.

"विहीणबाई, तुम्ही काळजीच करू नका," ते म्हणाले. "ऋतू, ऊठ बरं. टाक खांद्यावर."

ऋतुजा उठली. साडी खांद्यावरून सोडली आणि आपसूकच, सवयीनं, निऱ्यांचा पंखा पुढं धरला. खरं सांगायचं तर दुकानातला सगळा उजेड तिच्याकडे सरकला. त्या काळ्या कांतीवर तो सोनचाफा असा काही पेटला की केळं सोलणारी मावशी केळं हातात धरून तशीच राहिली. तेवढा एक क्षण जरी शंकरप्पांनी सोडला असता, तरी काम झालं असतं.

"बघा!" ते म्हणाले. "ही आमच्या दुकानाची कसोटी. हिच्या अंगावर उठला, तो रंग कुणाच्याही अंगावर उठणारच!"

बायका हसल्या. आणि वाक्यानं आपलं काम चोख केलं, पाच वर्षं करत आलं होतं तसंच. सासूची नजर ऋतुजावरून निघाली आणि स्वतःच्या लेकीवर जाऊन थांबली. ऊर्मिला गोरीपान.

"ऊर्मिले, ऊठ गं. तू लाव बगू."

ऊर्मिला उठली, साडी इकडून तिकडं गेली. "अगं बया!" "काय दिसतीय!" असं सगळीकडून झालं. ऊर्मिलेनं आरशात एकदा बघितलं आणि ठरवून टाकलं. "आई, मला हीच."

"अन्ना, अशीच दुसरी हाय का?"

"एकच नग आहे," शंकरप्पा म्हणाले. "विहीणबाई, ही ऋतुजासाठी म्हणून... तिनं मुद्दाम ठेवायला सांगितलेली..."

"असू द्या की. करवलीला बी मान नगं का? नवरीला डाळिंबी घिऊ, गडद रंगात उजळ दिसंल ती. तुमीच म्हनला न्हवं, हिच्यावर इतकी तर कुनावर बी? मग आमच्या ऊर्मीवर तर सोनंच की!" सासू मोकळेपणानं हसली. तिच्या मनात काही नव्हतं. तीही कौतुकच करत होती.

शंकरप्पांना वाटलं, सांगावं, बाई, तुमच्या लेकीला ही साडी शोभत नाही. गिऱ्हाईकाला हे वाक्य त्यांनी जन्मात कधी म्हटलं नव्हतं. आताही म्हणवेना. खरंही नव्हतं ते, ऊर्मिलेलाही साडी शोभतच होती.

मग ऋतुजाच पुढं झाली. ऊर्मिलेच्या खांद्यावरचा पदर तिनं सारखा केला, निऱ्या बसवल्या, मोर दिसेल असा पदर हातावर टाकला आणि थोडं मागं सरून, दुकानातल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "घ्या तुम्हीच, वन्सं. माझ्यावर उठला, तो तुमच्यावर उठणारच."

पुन्हा सगळ्या हसल्या. भिमाही हसला. शंकरप्पांनी ते वाक्य पाच वर्षांत शेकडो वेळा उच्चारलं होतं, पण ऐकलं त्या दिवशी पहिल्यांदा. त्यांना हसू आलं नाही. डाळिंबी साडी त्यांनी बांधायला भिमाकडे सरकवली.

दुपारी ते जेवायला घरी गेले ते धुमसतच. घरात कानडी चालायची. हात धुता धुताच त्यांनी बायकोला, शांतम्मांना, सगळं सांगितलं, की खेडवळ लोकांना अक्कल नसते, नवरीची साडी काढून लेकीला दिली, पोरीचं तोंड बघवत नव्हतं, मी एवढं कौतुक केलं तिचं आणि त्या बाईनं त्याचं असं केलं.

शांतम्मा भाकरी वाढत होत्या. "काय कौतुक केलं?" त्यांनी विचारलं.

शंकरप्पांनी वाक्य सांगितलं. का कोण जाणे, पण स्वैपाकघरात ते दुकानातल्यापेक्षा वेगळं ऐकू आलं.

शांतम्मांनी भाकरीचं ताट खाली ठेवलं. "आणि हे तुम्ही रोज म्हणता? चार लोकांत?"

"वाईट काय त्यात? सोन्याची कसोटी म्हणतो मी तिला!"

"सोनं कोण मग? समोरच्या बायका. ती दगड."

"तसं नाही..."

"ती पुण्याची बाई आठवतेय का?" शांतम्मा म्हणाल्या.

शंकरप्पांना आठवत होती. गेल्या वर्षी पुण्याची एक सुशिक्षित बाई दुकानात आली होती, चांगली तासभर गप्पा मारत बसली होती. जाताना कौतुकानं म्हणाली होती, "अहो, तुम्ही कानडी आहात हे सांगूनही खरं वाटत नाही. किती शुद्ध मराठी बोलता, अगदी आमच्यासारखं!" शंकरप्पांनी हात जोडले होते, हसले होते. आणि मग पुढे कितीतरी दिवस घरी येऊन जेवताना तेच. चार पिढ्या या पेठेत गेल्या, माझा आजा इथल्याच शाळेत शिकला, आमच्यासारखं म्हणजे कुणासारखं? मी काय पाहुणा आहे इथं?

"तिनंही कौतुकच केलं होतं," शांतम्मा म्हणाल्या.

"पण ऋतुजा कधी काही बोलली नाही. हसायची उलट."

"तुम्हीही हसलाच होता की तिच्यापुढं."

शंकरप्पांनी घास मोडला आणि तसाच ताटात ठेवला. त्यांना खरोखर लाज वाटली, आणि लाज वाटायला आपल्याला साठी उलटावी लागली याची आणखी वाटली.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा वेळेवर कामाला आली. रुसवा नाही, फुगवा नाही. तेच शंकरप्पांना जास्त जड गेलं. दुपारी एक जुनं गिऱ्हाईक येऊन बसलं आणि साडी उलगडताच म्हणालं, "कुठंय हो तुमची ती कसोटी? लावून दाखवू दे की." ऋतुजा उठलीसुद्धा.

"बस तू," शंकरप्पा म्हणाले. "भिमा, तू लाव."

भिमा पन्नाशीचा, झुपकेदार मिशीचा. त्यानं मालकाकडे बघितलं, थट्टा आहे का म्हणून. थट्टा नव्हती. मग गुलबक्षी जॉर्जेट खांद्यावर टाकून तो फोटोला उभं राहावं तसा उभा राहिला. गिऱ्हाईक हसून लोळलं आणि काही न घेता गेलं. ऋतुजा वळून घड्या घालत बसली. ती हसत होती की नाही, ते शंकरप्पांना दिसलं नाही.

त्यांनी येवल्याला फोन केले, पुण्याला केले, ओळखीच्या व्यापाऱ्यांच्या मागे लागले. महिन्याभरात तशीच पैठणी मिळाली. तोच सोनचाफा, तेच जांभळे काठ, पदरावर मोर. दुपारची वेळ होती, पेठ ऊन खात पडली होती, दुकानात कुणी नव्हतं. भिमा जेवायला गेला होता. शंकरप्पांनी पुडकं ऋतुजापुढं ठेवलं. "आमच्याकडून आहेर. नाही म्हणायचं नाही."

तिनं सोडून बघितलं. काठावरून बोट फिरवलं. मग घडी होती तशी घातली आणि पुडकं पुन्हा बांधून त्यांच्याकडे सरकवलं.

"छान आहे अण्णा. पण नको. आता हा रंग बघितला की मला सगळ्यांचं हसणं ऐकू येतं."

शंकरप्पांनी पुडकं बाजूला ठेवलं. तीच बोलत राहिली, घड्या घालतच, त्यांच्याकडे न बघता. "तुम्ही पहिल्यांदा म्हणालात ना, कसोटीचा दगड, तेव्हा मला लई भारी वाटलं होतं. घरी जाऊन मावशीला सांगितलं, मालक मला असं म्हणतात म्हणून. मावशीनं नुसतं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तेव्हा कळलं मला."

"मग सांगायचं नाहीस का गं मला?"

"काय सांगू? तुम्ही वाईट असता तर सांगितलं असतं की. वाईट माणसाला उलटून बोलता येतं. तुम्ही डबा आणायचात माझ्यासाठी." तिनं घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. "लेकीसारखं करणाऱ्या माणसाला कसं म्हणायचं, की तुमच्या बोलण्यानं मला रोज थोडं मेल्यासारखं होतं?"

बाहेर एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. शंकरप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. पुढं 'माझ्या मनात तसं नव्हतं' असं म्हणायचं होतं. पण तिला ते माहीत होतं, आणि माहीत असून काही फरक पडला नव्हता, म्हणून ते तेवढ्यावरच थांबले. मग त्यांनी विचारलं, "आहेर तर द्यायचाय मला. कुठली देऊ?"

"मी बघू?"

"बघ की."

ती उठली. घडवंचीवर चढून फळ्यांवरचे गठ्ठे बघत गेली. गडद रंग तिनं ओलांडले, डाळिंबी, बाटलीहिरवा, जांभळा, सगळे. तिच्यासारखीनं घ्यावेत म्हणून शंकरप्पा जे रंग वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांपुढं टाकत आले होते, ते सगळे. शेवटी कोपऱ्यातून तिनं एक फिकट आकाशी रेशमी काढली, बारीक रुपेरी काठाची. शंकरप्पांनी ती साडी तिला उभ्या जन्मात दाखवली नसती.

आरशापुढं उभं राहून तिनं ती नेसत्या साडीवरूनच लावली. त्या आरशात तिनं पाच वर्षं दुसऱ्यांना बघितलं होतं. पदर काढला, निऱ्या धरल्या, आणि आरशातूनच मागं बसलेल्या शंकरप्पांकडे बघत तिनं विचारलं, "कशी दिसते?"

शंकरप्पांनी तोंड उघडलं आणि वाक्यांची रांगच लागली. एवढ्या फिक्या रंगातसुद्धा. कोण म्हणेल की. रंगाचं काय, नाकीडोळी तर. एकेक वाक्य जिभेच्या टोकाशी येत होतं, आणि प्रत्येकाला शेपूट होतं. शेपूट तोडलं तर मागं किती थोडं उरतं, हे बघून त्यांना नवल वाटलं.

"छान दिसतीस," ते म्हणाले.

ऋतुजा तशीच उभी राहिली. आरशातून त्यांच्याकडे बघत, निऱ्या हातात धरून, किंचित खांदे आवळून. शंकरप्पांना आधी समजेना ती कशाची वाट बघतेय. मग समजलं. ती वाक्याच्या पुढच्या भागाची वाट बघत होती.

त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच."

तिचे खांदे हळूहळू खाली आले. ती पुन्हा आरशात बघायला लागली, या वेळी स्वतःकडे, आणि बराच वेळ बघत राहिली.

"मग हीच बांधा, अण्णा," ती म्हणाली.